मंडल पुसल्यावर

२००७ सालच्या मे महिन्यात अमेरिकेतील कॅन्सस सिटी या शहराच्या जुन्या रेल्वे-स्थानकात काही तिबेटी भिक्षू रंगीत वाळूचे मंडल घालीत होते. त्या इमारतीत टपालकचेरीही आहे. तेथे कामासाठी आलेल्या एका बाईचे लहान मूल तिची नजर चुकवून दोरीखालून आत शिरले आणि त्या वाळूवर मनसोक्त नाचले. वर्तमानपत्रांना ही बातमी फार आवडली. भिक्षू रागावले नाहीत, याचे सर्वांना कौतुक वाटले. मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. भिक्षूंनी बिघडलेला भाग पुन्हा घातला, मंडल पुरे केले, आणि पुरे झाल्यावर ते स्वतःच्या हातांनी झाडून टाकले.

जे झाडूनच टाकावयाचे होते ते दुरुस्त कशासाठी करावयाचे? सारे काही नाशवंत आहे हा धडा शिकवावा म्हणून मंडल पुसतात, असे नेहमी सांगतात. तेवढाच हेतू असेल तर त्या पोराच्या पायांनी तो धडा अधिक चांगला शिकवला होता. भिक्षूंच्या संथ, विधिपूर्वक झाडण्याला तिथी असते, वेळ ठरलेली असते. नाश कधी वेळ ठरवून येत नाही. तरीही ते भिक्षू निमूटपणे पुन्हा वाळूशी बसले. म्हणजे मोडणे निराळे आणि पुसणे निराळे, असे ते मानीत असले पाहिजेत. हा फरक कशात आहे, याचा विचार करीत गेलो तो मंडलाच्या भूमितीपासून बराच दूर, माणसामाणसांतल्या रेघांपर्यंत येऊन पोहोचलो. मंडलावर लिहिणारे बहुधा त्या वाटेने जात नाहीत, म्हणून हा खटाटोप.

मराठी माणसाला हा शब्द परका नाही. उलट इतका घरचा झाला आहे की त्याचा अर्थ आपल्याला ऐकू येईनासा झाला आहे. मित्रमंडळ, मंत्रिमंडळ, महिला मंडळ, गल्लीतले गणेशोत्सवाचे मंडळ. चार माणसे जमली की ती ‘मंडळी’. जुन्या घरांतून नवरा बायकोचा उल्लेखदेखील ‘आमची मंडळी’ असा करी, म्हणजे एकटी बाईही मंडळीच. संस्कृतात मंडल म्हणजे वर्तुळ, सूर्यचंद्राचे बिंब. ऋग्वेदाचे दहा भाग मंडलेच म्हणवतात. कौटिल्याने तर राजकारणाचेच मंडल आखले आहे: जिंकू पाहणारा राजा मध्ये, त्याला लागून असलेला तो शत्रू, त्याच्या पलीकडचा तो मित्र, अशी बारा राजांची मोजणी. तिबेटी भाषेत मंडलाला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘मध्य आणि भोवताल’ असा होतो. बौद्ध आचार्य ‘मंड’ म्हणजे सार, आणि ते धारण करते ते मंडल, अशी फोड करतात. वैयाकरण ती मान्य करतील असे नाही, पण फोड मोठी गोड आहे. मराठीने मात्र या सगळ्यातून एक वेगळीच गोष्ट उचलली. तिने वर्तुळ सोडून दिले आणि वर्तुळात बसलेली माणसे तेवढी ठेवली. आपल्या भाषेचे हे करणे मला फार शहाणपणाचे वाटते.

कारण वज्रयानातील मंडल हे पाहावयाचे चित्र नव्हेच. ते शिरावयाचे घर आहे. छप्पर काढलेल्या वाड्याकडे माडीवरून पाहावे तसे आपण त्याकडे पाहतो, इतकेच. सर्वांत बाहेर ज्वाळांचे कडे, त्याच्या आत वज्रांचे कुंपण, कित्येक मंडलांत त्यालगत आठ श्मशाने, मग कमळाच्या पाकळ्या. त्यांच्या आत चार दिशांना चार दारे असलेला, तोरणे बांधलेला चौकोनी प्रासाद, आणि प्रासादाच्या गाभ्यात मुख्य देवता. कालचक्राच्या मंडलात ७२२ देवता सांगितल्या आहेत, आणि एकात एक असे तीन प्रासाद. आधी दोरीने रेघा आखून घेतात, मग मध्यापासून बाहेर रंग भरीत जातात. वाळू धातूच्या निमुळत्या नळीत भरतात. नळीच्या पाठीवर खाचा असतात, त्यांवर दुसरी नळी घासली की थरथरीने कण कण खाली उतरतो. हे काम कित्येक दिवस चालते. पुसताना क्रम उलटा. देवतांचे विसर्जन झाल्यावर मुख्य भिक्षू वज्राने मंडलाच्या रेघा छेदतो, मग बाहेरून मध्याकडे वाळू ओढतात, कलशात भरतात आणि वाहत्या पाण्यात सोडतात.

एवढे मोठे घर बांधावयाचे ते कोणाला तरी आत घेण्यासाठी. दीक्षेच्या वेळी शिष्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, हातात फूल देतात, दाराशी आणून ते फूल मंडलावर टाकावयास लावतात. ज्या देवतेवर ते पडेल त्या देवतेच्या कुलातला तो शिष्य. मग पट्टी सोडतात, आणि आपण कोठे उभे आहोत हे तो प्रथमच पाहतो. जपानचा कूकाई हा भिक्षू ८०५ साली चीनच्या राजधानीत हुइ-कुओ या आचार्यापाशी गेला, तेव्हा दोन निरनिराळ्या मंडलांवर त्याने टाकलेले फूल दोन्ही वेळा मध्यावरच्या महावैरोचनावर पडले, असे त्याची परंपरा सांगते. पुढल्या वर्षी तो ती मंडले घेऊन मायदेशी परतला. डोळ्यांची पट्टी आणि हातातले फूल आपल्याकडील शैवांच्या दीक्षेतही आहे. हा एक लहानसा विधी मला सगळ्या तंत्रशास्त्रात मोलाचा वाटतो. त्या घडीला माणसाला त्याचे कूळ विचारीत नाहीत. त्याच्या हातून फूल कोठे पडते एवढेच पाहतात, आणि ते त्याचे कूळ ठरते.

पोर नाचले तेव्हा ते घर अजून अर्धे बांधलेले होते. देव यावयाचे होते. विसर्जन म्हणजे आलेल्यांना निरोप; आणि जे अजून आलेच नाहीत त्यांना निरोप कसा द्यावयाचा? आपल्याकडे व्रताच्या उद्यापनाला सर्वतोभद्र मंडल घालतात, त्यातही हेच आहे. एकोणीस आडव्या आणि एकोणीस उभ्या रेघा, म्हणजे १८ गुणिले १८, एकूण ३२४ घरे. तांदूळ पांढरे, मसुरीची डाळ तांबडी, हरभऱ्याची पिवळी, मूग हिरवे, उडीद काळे. ब्रह्मादी देवतांना त्यांत एकेक करून बोलावतात, पूजतात, आणि शेवटी अक्षता टाकून, पुन्हा येण्यासाठी म्हणून त्यांना जावयास सांगतात. (हल्ली हे मंडल कापडावर छापलेले मिळते. पूजा झाली की घडी घालून कपाटात. देवांना जा म्हणतात, पण घरे तशीच राहतात. सोय झाली खरी.)

तेव्हा मोडणे आणि पुसणे यांतला फरक मला असा दिसतो: पुसण्याच्या आधी कोणी तरी आत येऊन गेलेले असते. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. येथून तो सुरू होतो. कोण आत आले? आणि मंडल पुसल्यावर त्याचे काय झाले?

रेघ आत घेण्यासाठी असते तशी बाहेर ठेवण्यासाठीही असते. मंडलाचा आपल्या घरातला सर्वांत नित्याचा प्रकार म्हणजे पानाभोवतीची रांगोळी. आज तिला आपण शोभा समजतो. धर्मशास्त्रकारांनी ती शोभेसाठी सांगितलेली नाही. मंडल न करता जेवले तर अन्नाचा रस राक्षस-पिशाच नेतात, अशी त्यामागची समजूत. आणि सर्वांचे मंडल सारखे नव्हे. ब्राह्मणाच्या पानाखाली चौकोन, क्षत्रियाच्या त्रिकोण, वैश्याच्या वर्तुळ. शूद्राच्या पानाखाली मंडल नाही. नुसते पाणी शिंपडावे. भूमितीचे तीन आकार तिघांना वाटून झाले आणि चौथ्यासाठी आकारच उरला नाही, असा हा हिशेब आहे.

हे वचन मी पुस्तकात पुष्कळ उशिरा वाचले, पण त्याचा अर्थ मला त्याआधी ठाऊक होता. माझ्या आजोळी सणावाराला पंगती बसत. आजी ओणवी होऊन अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून प्रत्येक पाटापुढे रांगोळी सोडीत जाई. तिचा हात कधी थरथरला नाही. सरपण फोडणारा एक माणूस घरी येत असे. त्यालाही सणाचे जेवण मिळे, आणि पोटभर मिळे, हे सांगितले पाहिजे. तो मागल्या अंगणात चिंचेखाली बसे. त्याची पत्रावळ मांडण्यापूर्वी मामी तांब्यातले पाणी हाताने तेथे शिंपडी. धूळ बसावी म्हणून, असे आम्हां मुलांना वाटे. तिलाही तसेच वाटत असावे. ते पाणी शास्त्रातून आलेले होते, आणि शास्त्र न वाचलेल्या हातांनी ते बिनचूक शिंपडले जात होते. जेवणे झाली की माजघरातल्या रांगोळ्या शेणाच्या बोळ्याने पुसून जात. दारामागचे अंगण मात्र दारामागेच राही.

वज्रयानाच्या मंडलात श्मशाने आत घेतली आहेत, याचे मोल मला या आठवणीमुळे कळले. गाव आपली वेस आखतो तेव्हा श्मशान वेशीबाहेर टाकतो. प्रेत, कोल्हे, कुत्री, आणि ज्यांना प्रेते ओढावयास लावली ती माणसे, सगळी बाहेर. मंडल आखणाऱ्याने ज्वाळांचे कडे काढले ते या सगळ्याच्याही बाहेरून. प्रासादाकडे जाणाऱ्याला श्मशानातून जावे लागते. सातव्या-आठव्या शतकांतला ‘सर्वतथागततत्त्वसंग्रह’ हा ग्रंथ तर महामंडलात प्रवेश देताना पात्र-अपात्र पाहू नये असे उघड सांगतो. पापी, धनलोभी, खाण्यापिण्याला लाचावलेले, सर्वांना येऊ द्यावे. तांत्रिक ग्रंथांत डोंबी, चांडाळी ही नावे देवतांच्या मानाने येतात. येथे मात्र जपून बोलावयास हवे. देवतेला डोंबी म्हटले म्हणून डोंबाची लेक घरात आली असे होत नाही. नावाला मान देऊन माणसाला अंगणात बसवण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे.

पण एक कथा अशी आहे की जीत नाव आणि माणूस ही फारकत करता येत नाही. कालचक्रतंत्रावरील ‘विमलप्रभा’ या टीकेत ती येते. शंभल देशाचा राजा यश याने कालचक्राचे मंडल घातले, आणि सूर्यरथ ज्यांचा प्रमुख अशा साडेतीन कोटी ब्राह्मण ऋषींना सांगितले की तुम्ही सर्वांनी यात प्रवेश करावा आणि चारही वर्णांसह एका वज्रकुलाचे व्हावे. ते मान्य नसेल तर देश सोडावा. सूर्यरथ आणि त्याचे लोक निघाले. ज्यांच्याबरोबर अन्नपाण्याचा व्यवहार नाही त्यांच्याशी एका कुलाचे होण्यापेक्षा देशत्याग बरा, असे त्यांना वाटले. राजाने त्यांना वाटेतल्या अरण्यात आपल्या समाधीच्या बळाने मोहित केले. भानावर आले ते पुन्हा मंडलापाशीच. शेवटी त्यांनी दीक्षा मागितली. चारही वर्ण एका कुलात मिळवले म्हणून त्या राजाला ‘कल्की’ हे नाव मिळाले, आणि त्याच्या वंशजांनी ते चालवले.

कल्की हे नाव वाचताच मराठी वाचक थबकेल. आपल्या पुराणांतला कल्की घोड्यावर बसून कलियुगाच्या अंती येतो तो विस्कटलेले वर्ण पुन्हा आपापल्या जागी लावण्यासाठी. बौद्धांच्या कथेतला कल्की तेच वर्ण एकत्र कालवण्यासाठी मंडल घालतो. वैद्य औषधे एकत्र वाटून जो गोळा करतात त्याला कल्क म्हणतात, हे ध्यानात घेतले म्हणजे नावाची गंमत कळते. एकाच नावाचे दोन तारणहार, आणि एकाला जे संकट वाटते ते दुसऱ्याचे कार्य. भारताच्या विचाराचे सारे भांडण या एका नावात बसवता येईल.

या राजाविषयी माझे मन मात्र पुरते स्वच्छ नाही. ‘आत या, नाही तर देश सोडा’ हे निमंत्रण नव्हे. म्लेंच्छांचा धर्म येणार आहे, तुमची मुले त्यात जातील, हे भयही त्याने घातले होते. अरण्यात भूल पाडून आणलेला माणूस आपल्या पायांनी आला असे कसे म्हणावे? सूर्यरथाला खरोखर पटले की तो दमला, हे टीकाकार सांगत नाही. दुसऱ्या बाजूने असेही वाटते की वर्णाची रेघ आखताना कोणी कोणाची संमती घेतली होती? चिंचेखालच्या माणसाला कोणी विचारले होते? हजार-दीड हजार वर्षे जी रेघ विनंतीने पुसली गेली नाही तिच्याबद्दल एका राजाचा धीर सुटला, तर त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही. मी फक्त एवढे म्हणतो की त्या कथेतल्या मंडलाला दार होते, पण ते एकाच बाजूने उघडत होते.

आता मंडल पुसल्यावर काय होते, याकडे वळतो. येथे आपलेच दोन ग्रंथ एकमेकांसमोर उभे आहेत, आणि दोघेही शिवाचे नाव घेणारे. कुलार्णवतंत्र म्हणते की भैरवीचक्र जमले म्हणजे त्यात बसलेले सारे वर्ण द्विजश्रेष्ठ होत. चक्र मोडले की सारे वर्ण पुन्हा वेगवेगळे. काश्मीरचे शैव ज्याला प्रमाण मानीत ते स्वच्छंदतंत्र उलटे सांगते. दीक्षा झाली की सर्वांची जात एकच, शिवाची. नंतर कोणी कोणाच्या पूर्वीच्या जातीचा उच्चार केला तर त्याने प्रायश्चित्त घ्यावे. दोन्हीकडे मंडल पुसले जाते, दोन्हीकडे वर्तुळातून माणसे उठून घरी जातात. पण पहिल्या ग्रंथात रेघेबरोबर समताही पुसली जाते आणि जुनी रेघ पुन्हा वर येते. दुसऱ्यात काढलेली रेघ पुसली जाते, ती पुसताना जुनी रेघही घेऊन जाते.

आपला समाज प्रामुख्याने पहिल्या ग्रंथाप्रमाणे चालला, त्याचे नावही न ऐकता. आजोळी लग्नानंतर गोंधळ घालीत. गोंधळी येऊन चौक मांडी: खण पसरून त्यावर धान्य, धान्यावर कलश, विड्याची पाने, नारळ. तोही मंडलाचाच एक भाऊबंद. एका गोंधळात दिवटी धरायला सरपण फोडणारा तोच माणूस उभा होता. त्याच्या कपाळी मळवट होता, चेहरा उजळला होता, आणि त्या रात्री तो माजघराच्या उंबऱ्याच्या आत होता. आजोबांनी वाकून दिवटीला नमस्कार केला. दिवटी त्याच्या हातात होती, तेव्हा मस्तक त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर आले. नमस्कार देवीला होता, त्याला नव्हता, असे आजोबा म्हणाले असते, आणि ते खोटेही नव्हते. पहाटे गोंधळ्याने चौक उचलला, धान्य झोळीत भरले. दुपारी तो माणूस चिंचेखाली होता. मला त्या वयात याचे काही वाटले नाही. वाटले नाही, यावरून ते किती पक्के होते हे कळते.

त्या रात्रीला काहीच अर्थ नव्हता, असे म्हणण्याचे धैर्य मात्र मला होत नाही. माझे काही मित्र म्हणतात की असल्या विधींतली समता ही वाफ जाऊ देण्याची युक्ती आहे. वर्षातून एक रात्र आत घ्यावयाचे म्हणजे उरलेले दिवस बाहेर ठेवणे सोपे जाते. यात पुष्कळ तथ्य आहे. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे तेज दिवटीचे नव्हते, एवढे मी पाहिले आहे. आपण आत असू शकतो हे ज्याला एकदा कळले त्याला ते कळलेच नाही असे पुन्हा करता येत नाही. प्रश्न त्याचा नाही. ज्यांनी वाकून नमस्कार केला त्यांना दुसऱ्या दिवशी काय आठवले, हा प्रश्न आहे.

पंढरपूरचे वाळवंट हे महाराष्ट्राचे सर्वांत मोठे मंडल म्हणता येईल. तेथेही वाळू, तेथेही पुसले जाणे. चंद्रभागेच्या वाळवंटात माणूस माणसाच्या पाया पडतो, काल्याचा घास एकमेकांच्या तोंडी घालतो. पण हे वाळवंटात. तेथून चढून राऊळात जाऊ लागले की वेगळा कायदा होता. चोखामेळ्याची समाधी महाद्वाराबाहेर आहे. वाळवंटातले अभंग दाराच्या आत गेले, अभंगकर्ता दाराबाहेर राहिला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी ते दार उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. दहा दिवसांनी त्यांच्या यशाने ते सुटले. गुरुजींना विरोध करणारे सगळे काही दुष्ट नव्हते. वाळवंटात आम्ही सर्वांना भेटतोच, मग आणखी काय हवे, असे मनापासून म्हणणारेही त्यांत असणार. कुलार्णवाचे म्हणणे त्यांच्या तोंडी होते, आणि गुरुजींच्या तोंडी स्वच्छंदाचे. नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या मोकळ्या मैदानावर लाखो लोकांसह दीक्षा घेतली. तेथे रंग नव्हते, वर्तुळ नव्हते, पट्टी नव्हती. वज्रयानाचे काहीच त्यांनी घेतले नाही. आणि तरीही मैदान रिकामे झाल्यावर त्या माणसांनी पूर्वीची जात घरी न्यावयाची नाही, ही त्या दीक्षेची अट होती. त्यांनी ती सोडली. इतरांनी त्यांना ती विसरू दिली का, हे वेगळे विचारावे लागेल.

पश्चिमेकडे मंडलाचे जे झाले त्याबद्दल फार लिहावेसे वाटत नाही. युंग या मानसशास्त्रज्ञाने १९१८-१९ च्या सुमारास रोज सकाळी एक वर्तुळाकृती काढावयाचा परिपाठ ठेवला, आणि त्यांत त्याला आपल्या अंतर्मनाचा आलेख दिसला. तो मोठा माणूस. त्याला जे दिसले ते खरेच असेल. पण त्याच्या मंडलात तो एकटा आहे. आता मनःशांतीसाठी रंगवावयाची मंडलांची पुस्तके दुकानांत मिळतात. त्यांनी कोणाचे नुकसान होत नाही. त्या वर्तुळाला दार नसते, कारण दाराशी कोणी उभेच नसते.

वेरूळच्या बाराव्या लेण्यात भिंतीवर नऊ घरांचा एक चौकोन कोरलेला आहे, मुले फुलीगोळा खेळताना पाटीवर आखतात तसा. मधल्या घरात बुद्ध, भोवतालच्या आठ घरांत आठ बोधिसत्त्व. बाराशे वर्षांहून जुने मंडल, आणि पुसता न येणारे. मी दोनदा तेथे पुष्कळ वेळ उभा राहिलो आहे. ज्वाळांचे कडे नाही, कुंपण नाही, दारपाल नाही. सगळी घरे सारख्या मापाची. सहलीला आलेली शाळेची पोरे त्याला हात लावून पुढे जातात, आणि वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने दगड हाताच्या उंचीवर गुळगुळीत झाला आहे. येथे दीक्षा कशी देत असतील, याचा विचार मनात येतो. परंतु आज त्या दगडाला कोणाला आत घेण्याचे किंवा बाहेर ठेवण्याचे काम उरलेले नाही, आणि कदाचित म्हणूनच ते इतके शांत वाटते.

आपली घरे अशी शांत नाहीत. मी राहतो त्या इमारतीत दरवर्षी दोन-तीन वास्तुशांती होतात. वराहमिहिराने बृहत्संहितेत ८१ आणि ६४ घरांची वास्तुमंडले दिली आहेत, आणि त्यामागची कथाही: आकाश-पृथ्वी व्यापून बसलेल्या एका प्राण्याला देवांनी उपडे पाडले, आणि ज्या देवाने जो अवयव दाबला तेथेच तो देव वस्तीला राहिला. पंचेचाळीस देवांचे घर एकाच्या पाठीवर उभे आहे. आमच्याकडे आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी त्यासाठी सुटी ठेवतात. तीखाली वास्तूची प्रतिमा उपडी घालून ती बंद करतात. इमारतीला दोन लिफ्ट आहेत. दुसरीवर कामाच्या लोकांसाठी म्हणून पाटी आहे. गेल्या खेपेला गुरुजी पहिलीतून वर आले, आणि त्यांच्या पूजेची फुले, पत्री आणि केळीचे खांब घेऊन आलेल्या मुलाला पहारेकऱ्याने दुसरीकडे वळवले. त्याच फुलांनी मग देवांना आवाहन झाले.

दिवाळीत प्रत्येक मजल्यावर दारापुढे रांगोळ्या असतात. सुना-मुली रात्री जागून काढतात, आणि फार सुंदर काढतात. त्या घालताना कोणी मंत्र म्हणत नाही, पुसताना निरोपही देत नाही. सकाळी साडेसहाला जिना झाडणारी बाई येते, दुसऱ्या लिफ्टने. रांगोळीवर केरसुणी फिरवण्यापूर्वी ती थोडा वेळ पाहत उभी राहते, मग कडेने आत झाडत येते. एकदा मी दार उघडले तेव्हा ती आमच्या उंबऱ्याशी पोहोचली होती. ‘पुसू का आजोबा?’ तिने विचारले. मी म्हटले, ‘अजून राहू द्या. तुम्ही आत या, चहा घ्या आधी.’ तिने केरसुणी भिंतीला लावली, रांगोळीला वळसा घातला, आणि उंबऱ्यापाशी येऊन ती बाहेरच थांबली.